सोडून दिलेले थेंब

मामा, परवा तुमच्या शोकसभेत तुमचं कौतुक ऐकता ऐकता मला घाम फुटला.

कळंबच्या कॉलेजचा तो हॉल तुम्हाला माहीतच आहे. पंखे फिरतात, वारा लागत नाही. पण घाम त्याचा नव्हता. तुमचे विद्यार्थी एकामागून एक उठत होते, तुमच्या फोटोला हात जोडत होते आणि फिरून फिरून तेच वाक्य सांगत होते. "सर म्हणायचे, पहिले थेंब सोडून द्या." कोणी पोलिसात आहे, कोणी बँकेत, एकाचं खताचं दुकान आहे, तिघं-चौघं केमिकलच्या लॅबमध्ये आहेत. सगळ्यांच्या डोक्यात तुमचं हेच एक वाक्य राहिलेलं. बँकवाल्यानं तर त्यातून आयुष्याचा अर्थ काढला. सुरुवातीला जे येतं ते गढूळ असतं, धीर धरा, स्थिर झालं की खरं काय ते कळतं, असं तो म्हणाला आणि लोकांनी माना डोलावल्या. आमच्या युनिटचे शेठ माझ्या कानाशी लागून म्हणाले, "लॅबच्या भिंतीवर हेच लिवून घेऊ. वर सरांचा फोटो अन् खाली हे, मोठ्या अक्षरात."

दुसऱ्या बाजूला तुमची रेखा बसली होती. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता उठा तुम्ही."

मी उठलो. काय बोललो ते सांगतो. पण एकदम तिथूनच सुरुवात केली तर तुम्ही म्हणाल, आधी साहित्य, मग कृती, मग निरीक्षण, निष्कर्षाची घाई करू नको. बरं. तुमच्याच क्रमानं सांगतो.

तुम्ही माझे सख्खे मामा. अकरावी-बारावीला आणि पुढं बीएस्सीला माझे सर. मग रेखा दिलीत तेव्हा सासरे झालात. निवृत्तीनंतर घरात बसून मामीला स्वयंपाकातली रसायनं समजावून सांगायला लागलात, तेव्हा मामीनंच मला गळ घातली की ह्यांना कुठंतरी लावून दे. म्हणून मी तुम्हाला धाराशिवला आमच्या थिनरच्या युनिटमध्ये आणलं, तर तिथंही तुम्ही माझ्याच डोक्यावर लॅबचे प्रमुख होऊन बसलात. एका माणसाचा किती नात्यांनी धाक धरायचा, असं मी रेखाला विचारायचो. ती म्हणायची, "बाबांना विचारून सांगते." आमचे शेठही तुमचेच विद्यार्थी, रसायनशास्त्रात गटांगळी खाल्लेले. इतका मोठा मालक, पण तुम्ही केबिनमध्ये शिरलात की खुर्चीवरून अर्धे उठायचे.

तुमच्या पहिल्या प्रॅक्टिकलला तुम्ही आम्हाला नुसतं पाणी उकळायला लावलं होतं. पुस्तकात शंभर, थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णव. आम्ही झाडून सगळ्यांनी शंभर लिहिलं, कारण मार्क शंभरलाच मिळणार हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही सगळ्यांच्या पानावर तांबडी रेघ ओढलीत. "डोळ्याला अठ्ठ्याण्णव दिसायलंय अन् हात शंभर लिवायलाय, हे कसं काय रं? आपण डोंगरावर बसलोत. हवा पातळ हाय इथली. समुद्राकाठच्या माणसाचं पाणी शंभरला उकळंल, आपलं दोन अंश आधीच उकळतंय. जे दिसंल ते लिवा. मग डोंगराचे दोन मिळवा, अन् मिळवले म्हणून लिवा." त्या दिवशी पुस्तकातलं विज्ञान पहिल्यांदा मला आपल्या गावचं वाटलं. मी केमिस्ट झालो तो त्या अठ्ठ्याण्णवमुळं. पुढचं सगळं सांगताना हे मी विसरलेलो नाही.

आता युनिटबद्दल. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला स्वतःला सगळं पुन्हा एकदा नीट मांडून बघायची गरज आहे. औषधांच्या कारखान्यांत एकदा वापरून झालेलं सॉल्व्हंट, म्हणजे ॲसिटोन, कोणीतरी शुद्ध करतं आणि ड्रममध्ये भरून विकतं. आपण ते घेतो, थिनरमध्ये मिसळतो, आणि त्याच्या बाटल्या कळंब, तेर, बेंबळीच्या रंगाच्या दुकानांत जातात. ड्रम आला की त्यातलं थोडं काचेच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं, गरम पाण्यात धरून तापवायचं, वाफ थंड करून थेंब थेंब खाली उतरवायची आणि कितीला उकळतंय ते वाचायचं. तो आकडा सुरक्षेच्या कागदावर चढतो. ह्याची वाफ साध्या ठिणगीनंही पेटते, म्हणून ड्रम पत्र्याच्या शेडमध्ये चालतील की त्यांना गार जागा लागेल, हे त्यावरून ठरतं. छप्पन्न आला तर शेठ म्हणतात शेड चालते. आपल्याकडं उन्हाळा कितीही पेटला तरी पत्र्याखाली छप्पन्न होत नाही.

त्याच शेडमध्ये सुमनबाई आणि तिच्याबरोबरच्या बायका दिवसभर बाटल्या भरतात.

ह्या वर्षी ऊन चढायला लागलं तसे नवे ड्रम दुपारी फुगायला लागले. वरचा पत्रा बाहेर यायचा तेव्हा 'टण्' असा आवाज व्हायचा. मग दुसऱ्या ड्रमचा, मग कोपऱ्यातल्या तिसऱ्याचा. संध्याकाळी गार झालं की एकेक करून आत बसायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छपरावर माकड आलं असं वाटलं होतं. फुगलेल्या ड्रमचं बूच सुमनबाईनं फिरवलं की आतून फुस्स करून वाफ उसळायची आणि ती तोंड बाजूला करायची. तिनं तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही स्वतः शेडमध्ये गेलात, ड्रमवर हात ठेवलात आणि म्हणालात, "पत्रा हाय बाई, तापला की वाजणारच. ह्याच्यातलं छप्पन्नला उकळतंय. घाबरू नको." तुम्ही तिला धीर देत होतात. तिला धीर आलाही. मला मात्र आला नाही.

मग ती सकाळ. तुम्ही चहाला गेला होतात आणि फ्लास्कसमोर मी बसलो होतो. थर्मामीटर अडतीसवर होता आणि नळीच्या टोकाला एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. मग दुसरा. पारा एक्केचाळीस, सेहेचाळीस, पन्नास असा चढत चौपन्नला जाऊन थांबला. तेवढ्यात तुम्ही आलात. खालचं भांडं उचललंत, त्यातलं जमलेलं नेहमीप्रमाणे बाजूला ओतून दिलंत, स्वच्छ भांडं ठेवलंत. चौपन्न वाचलंत. डोंगराचे दोन मिळवलेत. छप्पन्न. माल पाठवणाऱ्याच्या कागदावरही छप्पन्नच होता. उदाहरणाचं उत्तर मागच्या पानाशी जुळल्यावर पोरांच्या तोंडावर येतं तसं समाधान तुमच्या तोंडावर आलं.

"मामा, पहिला थेंब अडतीसला पडला."

"बरं, मग?"

"म्हणजे अडतीसला काहीतरी उकळायला लागलं ना."

"आरं, पहिल्या थेंबाला थर्मामीटर गार असतोय. त्याला अजून वाफ लागलेली नसती. ते वाचन खोटं असतंय. पहिले थेंब सोडून द्यायचे असतेत, किती वर्षं सांगायलोय तुला."

तुमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, तीच तर अडचण होती. मी म्हणालो, वर्गात आपण एका पदार्थाची ओळख पटवत होतो. तिथं पहिले थेंब म्हणजे भांड्यातली ओल, कचरा. इथं आपल्याला ओळख पटवायची नाही. इथं प्रश्न एवढाच आहे की हे कितीला उकळायला *लागतं*. आपण फ्लास्कमधले पहिले थेंब ओतून देतो, मामा. ड्रममधले कोण ओतून देणार?

तुम्ही चष्मा काढलात. तुम्ही चष्मा काढला म्हणजे तास संपला, हे मला बारावीपासून ठाऊक होतं. "पाठवणाऱ्याचा छप्पन्न. आपला छप्पन्न. ज्या दोन कारखान्यांना आपण काही ड्रम तसेच पुढं देतो, तिथं बी तपासतेत, तिथं छप्पन्न. चार लॅब, चार माणसं. चौघं बी एकाच जागी चुकायलेत व्हय?"

हा वाद मग आपण घरी नेला. मोटारसायकलवर मी पुढं अन् तुम्ही मागं, हेल्मेटमधून एकमेकांना अर्धं ऐकू यायचं, आणि जे ऐकू यायचं नाही त्यावर आपण जास्त भांडायचो. जेवायला बसलं तरी तेच. रेखा एकदा वैतागून म्हणाली, "वरण गार व्हायलंय. ते कितीला गार झालं तेवढं लिहून घ्या दोघं." आपण दोघं हसलो. तुम्ही हसलात की मला वाटायचं, आता ऐकतील. तुम्ही भात कालवायला लागायचात.

मला तुमचा राग यायचा, मामा. स्पष्टच सांगतो. अठ्ठ्याण्णव दिसलं तर अठ्ठ्याण्णव लिवा म्हणणारा माणूस डोळ्यांदेखत अडतीस ओतून देत होता आणि त्याला ते दिसत नव्हतं. तुम्ही खोटं लिहीत नव्हता. तुमच्यासाठी तो आकडाच नव्हता. तुमच्या हाताला लागलेली ती सवय तुमच्या डोळ्यांच्याही आधीची होती.

चार लॅबचं मात्र मला सुटत नव्हतं. चार जण एकाच जागी चुकत नाहीत, हे मलाही पटत होतं. शेवटी मी माल पाठवणाऱ्यांच्या लॅबमधल्या गणेशला फोन लावला. आपलाच गणेश, माझ्या पुढच्या बॅचचा. विचारलं, पहिला थेंब कितीला पडतो रे तुमच्याकडं? तो हसायला लागला. "पहिले थेंब कोण बघतंय दादा? सरांनीच शिकवलंय की." मग उरलेल्या दोन ठिकाणी फोन केले. एकीकडं तुमची विद्यार्थिनी, एकीकडं तुमचा विद्यार्थी. दोघांनीही तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. फोन ठेवला आणि मी चारही लॅबची नावं कागदावर लिहून काढली. चार आकडे जुळत होते, कारण चौघांनाही शिकवणारा माणूस एकच होता.

शेडमध्ये त्या वेळी एक ड्रम वाजला. मी दचकलो. आधी कधी दचकलो नव्हतो.

हे मी तुम्हाला शनिवारी घरी जाताना सांगितलं. गाडी बाजूला घेऊन, समोरासमोर उभं राहून सांगितलं, म्हणजे हेल्मेटचं निमित्त नको. रस्त्याच्या पलीकडं ज्वारीच्या कडब्याची गंज लावत होते, तिकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "सोमवारी शुद्ध ॲसिटोन आण. ते अन् ड्रमातलं, शेजारी-शेजारी चालवू. थर्मामीटर आधीच गरम करून घेऊ, म्हणजे ती पळवाट बी राहायची न्हाय. मग बोल." पळवाट हा शब्द तुम्ही वापरलात. कोणाची पळवाट, माझी की तुमची, हे मी विचारलं नाही. तुम्हाला पटलं होतं का? की पोरगं ऐकत नाही तर करून दाखवू, असा तुमचा हिशेब होता? गाडीवर बसताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात, तो नेहमीचाच, आधारासाठीचा. त्याच्यावरून काही कळत नाही. हे मला आता कधीच कळणार नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

रविवारी सकाळी अंगणात दात घासता घासता तुम्ही खाली बसलात आणि उठलाच नाहीत.

तेरला नदीवर तुमच्या अस्थी सोडल्या, सगळ्यांना घरी पोचवलं, आणि मी लॅबमध्ये गेलो. लोकांना वाटलं, एकट्यानं रडायला गेला. थोडं तेही होतं. तुमचा पांढरा कोट खुंटीला तसाच होता, खिशात खडूचा तुकडा. कॉलेज सुटलं तरी तुमचा खडू सुटला नव्हता. मी शुद्ध ॲसिटोन लावलं, तुम्ही सांगितलं तसा थर्मामीटर गरम करून घेतला. पहिला थेंब त्रेपन्नला पडला आणि पारा चौपन्नला थांबला. म्हणजे थर्मामीटर खोटं बोलत नव्हता. मग तेच सगळं धुऊन, पुसून, ड्रममधलं लावलं. अडतीस. पुन्हा केलं, कारण वर्गात तुमचा सगळ्यात कडक शब्द 'पुन्हा कर' हाच होता. पुन्हा अडतीस. कोणत्या तरी कारखान्यातलं काहीतरी फार हलकं त्यात मिसळून आलं होतं, थोडंच, पण चौपन्नची वाट न बघणारं.

भर दुपार होती. मी शेडमध्ये जाऊन भिंतीवरचं तापमान बघितलं. त्रेचाळीस. ड्रमच्या रांगेत उभं राहिलो. एक वाजला, मग माझ्या पाठीमागचा वाजला. पलीकडं बायका बाटल्या भरत होत्या आणि आपसात कोणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. आणि दारावर, प्लास्टिकच्या पाकिटात, तुमच्या सहीचा छप्पन्न.

सुमनबाईला बाजूला बोलावून सांगितलं, फुगलेला ड्रम उघडू नका. तिनं माझ्याकडं कीव येऊन बघितलं. "दादा, तुमचं दुःख मोठं हाय, कळतंय आमाला. पर सरांनी सोता ड्रमावर हात ठिवून सांगितलं होतं, कायबी होत न्हाय म्हून. सरांचा शब्द हाय. तुमी सरांपेक्षा जास्ती शिकलाव व्हय?"

शेठकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तेरावं तर होऊ द्या. माणूस जाऊन चार दिस न्हाय झाले अन् घरातल्याच माणसानं त्याची चूक काढायची, बरं दिसतंय का? अन् चार लॅबचे कागद हायत आपल्याकडं." मी टेबलावर हात आपटला. चारही कागद एकाच माणसाचे आहेत, म्हणून ओरडलो. बाहेरचा कारकून आत डोकावला. शेठनं मला पाणी दिलं. "दमलाव तुमी. घरी जावा." आणि कौतुक म्हणून सांगितलं की शोकसभेच्या दिवशी युनिटला सुट्टी, सरांच्या मानासाठी. पंखे बंद, शेडला कुलूप, ड्रम आत. तुमच्या मानासाठी.

रेखाला कसं सांगायचं, ह्यावर मी दोन दिवस काढले. घरात तुमची चप्पल अजून दारात होती. शेवटी ती धान्य निवडत बसली होती तेव्हा सांगितलं. ती निवडतच राहिली.

"बाबा चुकले का?"

"हो."

"नक्की?"

"पुन्हा करून बघितलं."

मी म्हणालो, तुझ्या बाबांचं नाव मध्ये न आणता काही होतं का बघतो. थर्मामीटर बिघडला होता असं सांगतो. तिनं सूप खाली ठेवलं. "थर्मामीटर बिघडला म्हणालात तर नवा आणतील आणि पुन्हा तेच करतील. बाबांनी सांगितलंय म्हणून करतात ना? मग बाबांचं नाव घेऊनच सांगावं लागंल." थोड्या वेळानं म्हणाली, "पण मी असताना सांगा. मला मागनं कोणाकडनं ऐकायला नको." मग ती रडली, आणि मला जवळ येऊ दिलं नाही.

तर मी उठलो, मामा. तुमच्या फोटोकडं बघणार नव्हतो, तरी बघितलं. म्हणालो, सरांनी आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक, डोळ्याला अठ्ठ्याण्णव दिसलं तर अठ्ठ्याण्णव लिहा. दुसरी, पहिले थेंब सोडून द्या. पहिली कायम खरी. दुसरी वर्गात खरी होती, ड्रमला लावली की जीवघेणी आहे. सर तिथं चुकले. मी चुकलो, आणि इथं बसलेले जे कोणी लॅबमध्ये आहेत ते सगळे तसंच चुकत आलेत. आमच्या शेडमध्ये आत्ता ड्रम आहेत. त्यातलं अडतीसला उकळायला लागतं.

मागून कोणीतरी म्हणालं, "ही काय जागा हाय का हे बोलायची?" दुसरा म्हणाला, "जावई बोलायलाय बघा." खुर्च्या सरकल्या. बँकवाला माझ्याकडं असा बघत होता, जणू मी फोटोवरचा हार ओढून काढला. मामी पदर तोंडाला लावून खाली बघत होती.

मग गणेश उठला. दुसऱ्या रांगेत होता. त्याला ओरडायचं असेल असं मला वाटलं. त्यानं विचारलं, "थर्मामीटर गार होता?"

"गरम करून घेतला."

"शुद्धाला किती?"

"त्रेपन्नला पहिला. चौपन्नला थांबला."

"अन् ड्रमाला अडतीस?"

"दोन्ही वेळेस."

तो उभाच राहिला. विचारण्याची ती रीत हॉलमधल्या सगळ्यांनी ओळखली. तुम्ही असेच विचारायचात, एकेक बोट मिटत. गणेश फोन काढून बाहेर गेला. त्याच्यामागं, मी फोन केला होता ती तुमची विद्यार्थिनी गेली. शेठ जमिनीकडं बघत होते. मग त्यांनीही खिशात हात घातला आणि वॉचमनला फोन लावला, शेडची दारं उघड, पत्र्यावर पाणी मार, विडी-काडी कोणाची असंल तर गेटाच्या बाहेर, एवढंच बोलले. मी रेखाशेजारी जाऊन बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता आणि तिनं तो काढला नाही.

सुमनबाई बायकांना घेऊन आली होती, शेवटच्या रांगेत बसली होती. सभा संपल्यावर जिन्याजवळ मला थांबवलं.

"दादा, सरांना ठावं न्हवतं ना हे?"

"नाही, बाई."

"ठावं असतं तर सांगितलं असतं ना आमाला?"

"त्याच मिनिटाला."

तिनं मान हलवली. "मग आसू द्या. उंद्यापासून त्या ड्रमाला हात न्हाय लावत आमी." आणि आत जाऊन तुमच्या फोटोला पुन्हा एकदा हात जोडून आली. मामा, तुमच्याबद्दल परवा जे काही बोललं गेलं त्यात मला हे सगळ्यात मोठं वाटलं.

आता ड्रम शेडबाहेर काढलेत, कडुनिंबाखाली, ओल्या पोत्यांनी झाकून. माल घेऊन जायला पाठवणाऱ्याची गाडी येणार आहे. गणेशचा निरोप आला, त्याला सदतीसला पहिला थेंब मिळाला. उरलेल्या दोन लॅबचे एकोणचाळीस आणि अडतीस. दुकानांतल्या बाटल्या परत गोळा करणं चाललंय, बेंबळीच्या झाल्या, तेरच्या व्हायच्या आहेत. भिंतीवर काही लिहायचं शेठनं पुन्हा काढलं नाही. तुमचे काही जुने विद्यार्थी माझ्याशी बोलत नाहीत. मामी बोलते, पण जेवायला वाढताना तोंड फिरवते. रेखानं काल तुमच्या कोटातला खडू मागून घेतला.

मी तुम्हाला चूक म्हणालो, सगळ्यांसमोर, तुम्ही उत्तर देऊ शकत नसताना. सोमवार आपल्याला मिळाला असता तर हे वाक्य तुम्हीच बोलला असतात. चष्मा पुसून, पोरांना उभं करून, तुम्हीच म्हणाला असतात की इतकी वर्षं मी चुकीचं सांगितलं, आता वहीत दुरुस्ती करा. तुम्ही असंच केलं असतं हे मी धरून चाललोय. पुरावा नाही. तुमच्यावरचं माझं प्रेम एवढाच आधार आहे.

पण खरी भीती वेगळीच आहे, मामा. कळंबच्या त्या हॉलमध्ये जे आले ते जवळपासचे होते. तुमच्या हाताखालून गेलेली बाकीची पोरं कुठं कुठं आहेत, मला माहीत नाही. पुण्याच्या बाजूला असतील, मुंबईच्या पलीकडं, गुजरातेत, कुठल्या कुठल्या लॅबमध्ये फ्लास्कसमोर उभी. शोकसभेच्या आधीच बँकवाल्यानं तुमचा फोटो आणि खाली ते वाक्य असं करून विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून ते कुठं कुठं गेलंय. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली आहे. मी लिहिलं, हे करू नका, कारण सांगतो, मला फोन करा. माझा मजकूर त्या जोडलेल्या हातांच्या रांगेत कधीच वर सरकून गेला. काही फोन आले. सगळे आले नाहीत.

त्यांच्यातलं कोणीतरी आज सकाळी तुम्ही गेल्याचं वाचून लॅबमध्ये आलं असेल. डोळे पुसून त्यानं फ्लास्क लावला असेल. आणि तुमच्या आठवणीनं, रोजच्यापेक्षा जास्त मन लावून, तो पहिले थेंब ओतून देत असेल.